पन्नाशीनंतरची मोटरसायकल

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की मोटरसायकल शिकायला वयाची अट खालची आहे, वरची नाही. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतो. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी पणजीच्या कदंब बसस्थानकावर पायलट, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा, होतो. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, मागे रोज नवा माणूस, त्याच्या मांडीवर पिशवी, कधी फणस. त्यावर संसार झाला. आता माशेलला घरी असतो आणि उतारवयात शिकू पाहणाऱ्यांना शिकवतो.

प्रश्न: मी ५४ वर्षांची आहे. शिरोड्याला राहते, शाळेत शिकवते. बरीच वर्षं स्कूटर चालवते आहे. यजमानांच्या डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांची शंभर सीसीची मोटरसायकल वर्षभर पडवीत उभी आहे. ती मला चालवायची आहे. सासूबाई म्हणतात, लोक हसतील. मुलगा म्हणतो, आई, स्कूटर आहे की. खरं सांगायचं तर गरज काहीच नाही, नुसती इच्छा आहे. इच्छेसाठी या वयात शिकावं का? आणि सुरुवात कुठून करू?

ताई, इच्छा हे कारण पुरेसं आहे. गरजेपोटी शिकणारा माणूस गाडी चालू लागली की शिकणं थांबवतो. इच्छेने आलेला पुढेही शिकत राहतो. मला शिकवायला असेच लोक आवडतात. आणि लोक हसण्याचं म्हणाल, तर आपल्या गोव्यात नर्सबाई, शिक्षिका, बाजाराला जाणाऱ्या काकी सगळ्याच दुचाकीवर असतात. गिअरच्या गाडीवर बाई दिसली की माणसं दोन दिवस बघतील. तिसऱ्या दिवशी तीच माणसं तिस्कापर्यंत सोडा म्हणतील.

तुमच्या पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की वेगाची भीती वाटते. भीती वाटते हे चांगलं आहे, फक्त ती योग्य जागी हलवायला हवी. उतारवयात शिकणारे वेगात पडताना मी फार कमी पाहिले आहेत. ते पडतात गेटातून वळताना, चढावर थांबताना, पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना. थोडा वेग आला की मोटरसायकल आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. पायी चालण्याच्या वेगात मात्र तो सगळा तुमच्यावर असतो. म्हणून माझ्याकडे पहिले कितीतरी तास फक्त हळू चालवायचं शिकणं असतं. जो माणूस गाडी मुंगीच्या पावलाने नेऊ शकतो, त्याला चाळीसच्या वेगात नेणं वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी कागदपत्रं. स्कूटरच्या परवान्यावर ‘विनागिअर’ असा प्रकार लिहिलेला असेल, तर त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. फोंड्याच्या आरटीओत गिअरच्या प्रकारासाठी शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, त्याचा नमुना १-अ. शिकत असताना गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवायचं नाही. गाडीचा विमा वर्षभरात संपला असेल तर तो आधी भरा. विमा नसलेली गाडी मैदानापर्यंतसुद्धा रस्त्याने नेऊ नका.

आता पडवीतली गाडी. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. मेकॅनिककडे नेऊन जुनं पेट्रोल काढून टाका, ऑइल बदला, साखळी साफ करून ताण बघून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र छापलेले असतात. पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायर फार जुने असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला, कारण रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. आणि एक गोष्ट आठवणीने करा: क्लचची केबल नवी घाला. गंजलेल्या केबलचा क्लच जड लागतो, अर्ध्या तासात अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, आणि मग बाईला वाटतं की आपल्यात जोर नाही. केबलचा खर्च किरकोळ आहे. क्लच आणि ब्रेकचे दांडे तुमच्या बोटांना सहज पोचतील अशा कोनात खाली-वर करून द्यायलाही सांगा. ते आजवर यजमानांच्या हाताला लावलेले होते.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नका. गाडी अंगणात ढकला. डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरून पुढे न्या, वळवा, मागे आणा. थांबवायला पुढचा ब्रेक हलकेच दाबा, आणि तोही हँडल सरळ असताना. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलात तर गाडी त्याच बाजूला खाली बसते. मग मेन स्टँडवर चढवा-उतरवा. ही गाडी साधारण ११० किलोची, तुमच्या स्कूटरच्याच आसपास. पण वजन जरा उंचावर असतं आणि टाकी गुडघ्यांमध्ये येते, त्यामुळे अंगाला ती वेगळी लागते. सीटवर बसून दोन्ही पाय टेकवा आणि गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे कलवून बघा. कुठपर्यंत ती तुमच्या हातात आहे आणि कुठून पुढे ती तुम्हाला ओढते, ही सीमा पायांना कळली पाहिजे.

पडलेली गाडी उचलायलाही त्याच आठवड्यात शिका, म्हणजे पडण्याची धास्ती अर्धी होते. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हाताने सीटखालची मजबूत पट्टी धरायची, कंबर सरळ ठेवायची आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. कंबरेत वाकून ओढायचं नाही. आपल्या वयात पाठ एकदा धरली की महिना जातो. पहिल्यांदा कुणाला तरी शेजारी उभं करा.

आता ताई, तुम्हाला स्कूटर येते म्हणून एक धोका इतरांपेक्षा जास्त आहे, तो नीट वाचा. स्कूटरचा डावा दांडा म्हणजे मागचा ब्रेक. मोटरसायकलचा डावा दांडा म्हणजे क्लच. इतक्या वर्षांची सवय अशी आहे की कुत्रा आडवा आला की डावा हात आपोआप आवळतो. मोटरसायकलवर तसं झालं तर गाडी थांबत नाही, उलट इंजिनापासून सुटून मोकळी धावते. म्हणून शिकण्याच्या दिवसांत शक्य असेल तर स्कूटर बाजूला ठेवा, शाळेला बसने जा. मैदानावर मुलाला समोर उभं करून त्याने हात वर केला की थांबायचं, असं पुन्हा पुन्हा करा: उजवा हात, उजवा पाय. खुर्चीत बसून टीव्ही बघतानाही उजवा पाय दाबायची सवय करा. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण पुस्तकी ज्ञान घाबरल्यावर उपयोगी पडत नाही, पायाची सवयच पडते.

क्लचचं काम असं सुरू करा. सपाट जमीन, पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही. क्लच इतका हळू सोडा की गाडी नुसती सरकली पाहिजे, आणि सरकली की परत दाबा. सोडा, दाबा. शंभर सीसीची गाडी सपाटीवर अॅक्सिलरेटरशिवायही चालते. सरकण्याची ती जागा, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, बोटांना पाठ झाली की मग पाय फूटरेस्टवर. मग मैदानाला फेऱ्या, मग मोठे आठ, मग लहान आठ. हळू वळताना मागचा ब्रेक अगदी किंचित दाबून, हाफ क्लचवर, इंजिन थोडं चढं ठेवून चालवायचं. पुढचा ब्रेक तिथे विसरायचा. आणि नजर! चाकाकडे बघाल तर चाक जिथे आहे तिथेच पडाल. हनुवटी उचलून, मान वळवून, जिथे जायचंय तिकडे बघा. गाडी डोळ्यांच्या मागून जाते हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. पटलं की माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते बघायला मी अजूनही रविवारी पहाटे उठून मैदानावर जातो.

आपल्याकडच्या घरांना रस्त्यापासून चढण किंवा उतरण असतेच, त्यामुळे चढावर गाडी काढणं लवकर शिका. डावा पाय जमिनीवर, उजवा पाय ब्रेकवर. क्लच सोडत आणा, इंजिनाचा आवाज दबला की थोडा अॅक्सिलरेटर द्या, गाडी पुढे झुकतेय असं वाटलं की मगच ब्रेक सोडा. गाडी मागे येणार नाही. घाई केली तर बंद पडेल एवढंच. बंद पडली तर पडू दे, ब्रेक धरलेला आहे.

पुढच्या ब्रेकबद्दल घराघरात एक चुकीची समजूत आहे की तो दाबला की माणूस उलटतो. सरळ चालणारी गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. तो झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत न्यायचा, सोबत मागचा. ४० च्या वेगात तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता. म्हणजे बसचा मागचा दिवा पेटल्याचं लक्षात येऊन हात हलेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. आपल्या खासगी बस कुठेही हात दाखवला की थांबतात, तेव्हा बसच्या मागे चिकटू नका.

कपड्यांचं थोडक्यात: सलवार किंवा पँट, ओढणी घरी, चपला नाहीत. टाच झाकणारे बूट घाला, गिअरच्या पायाला तर हवेतच. हेल्मेट आयएसआय खुणेचं, डोक्याला घट्ट, पट्टा लावलेला. यजमानांचं जुनं हेल्मेट वापरू नका. तुमचं डोकं आणि त्यांचं डोकं एका मापाचं नाही.

मैदान नसेल तर रविवारी सकाळी बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते बरे. यजमानांना सोबत न्या. ते चालवू शकत नसले तरी इतकी वर्षं त्या गाडीवर काढलेल्या माणसाचे कान अजून आहेतच. तुम्ही कुठे क्लच लवकर सोडताय हे ते आवाजावरून सांगतील.

प्रश्न: वय ६१, राहणार म्हापसा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. तरुणपणी थोरल्या भावाची बुलेट चालवायचो, लग्नानंतर सुटली. आता स्वतःची ३५० सीसी घ्यायची आणि चोर्ला घाटामार्गे बेळगावला जायचं असं मित्रांबरोबर ठरलंय. चालवता येतेच आहे, फक्त सराव हवा. कुठली गाडी घ्यावी?

भाई, तुमचा बेत मला फार आवडला. ‘चालवता येतेच आहे’ या शब्दांवर मात्र थांबतो. तुमच्या थोरल्या भावाच्या बुलेटचा गिअर बहुधा उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आताच्या सगळ्या गाड्यांना गिअर डावीकडे, पहिला खाली आणि बाकीचे वर, ब्रेक उजवीकडे. तुमच्या पायांना जुनं पाठ आहे, आणि तरुणपणी अंगात मुरलेलं सहज जात नाही. शांतपणे चालवताना तुम्ही बरोबर चालवाल. ट्रक समोर आला की उजवा पाय जुन्या आठवणीने गिअर शोधेल. म्हणून वर शिरोड्याच्या ताईंना जे थांबण्याचे धडे सांगितले, ते तुम्हीही मैदानावर गिरवा. पूर्वी यायचं म्हणून ते टाळणारे आणि मग अडखळणारे मी पाहिले आहेत.

गाडी निवडताना आधी बसून बघा, मग दिसण्याचा विचार. दोन्ही टाचा, निदान दोन्ही चवडे भक्कम टेकले पाहिजेत. रॉयल एन्फील्डच्या गाड्यांत क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची आणि तिची सीट ८०५ मिलिमीटर उंच. मिटिओरची सीट ७६५, तेव्हा पाय आखूड असतील तर ती सोपी जाते. हंटर वजनाला त्या दोघींपेक्षा हलकी. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने एखादी वापरलेली १२५ किंवा १५० सीसी घ्या. १९५ किलो चालताना जाणवत नाहीत. उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे खेचताना मात्र एकेक किलो जाणवतो, आणि साठीतल्या गुडघ्याला जास्तच. हलक्या गाडीवर हात बसला की तीच विका आणि हवी ती घ्या. मित्र थांबतील. नाही थांबले तर ते पुढच्या वर्षी पुन्हा जातील.

नव्या ३५० ला एबीएस असतं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते आता सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देण्याचं काम ते करतं. पण वळणावर वेग जास्त असेल किंवा रस्त्यावर खडी असेल, तर ते तुम्हाला वाचवेल असं समजू नका.

चोर्ल्याआधी माझी एक विनंती आहे. एका सकाळी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा. अंतर क्षुल्लक, पण त्यात सगळं शिकायला मिळतं. धक्क्याचा उतार, ओहोटीला त्यावर आलेलं शेवाळ, बोटीचं ओलं लोखंडी फळकूट, पुढे-मागे गर्दी आणि पायी चालण्याचा वेग. फळकुटावर सरळ चढा, वळत चढू नका. ब्रेकचा झटका नको, पाय टेकायची वेळ आली तर पाऊल सपाट टेका. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि गाडीला धरून राहा. बेटावर शेतांमधून जाणारे रस्ते शांत आहेत, तिथे दोन तास नुसते फिरा आणि नार्व्याच्या फेरीने पलीकडे उतरून डिचोलीमार्गे घरी या. हे करताना खांदे आवळले जात नाहीत असं वाटलं, की तुम्ही घाटाला तयार आहात. म्हापशाहून पणजीकडे येताना अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे हे आठवणीत असू द्या, जुन्या पुलांवरून यावं लागेल.

घाटाबद्दल. साखळी, केरी, मग चढण. पावसाळ्यात हा रस्ता पहिल्या प्रवासासाठी नाही. धुकं उतरतं, दरडीची माती येते, झऱ्यांचं पाणी वळणावरून वाहतं. नोव्हेंबरपासून पुढे जा, सकाळी लवकर निघा, आणि परतीचा घाट उजेडातच उतरायचा असं निघण्यापूर्वी ठरवून टाका. साठीनंतर डोळ्यांना अंधारात जास्त उजेड लागतो आणि समोरच्या दिव्याने दिपल्यावर सावरायला तरुणांपेक्षा वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्याभोवती वलयं दिसतात. गाडीचे पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्या.

वळणाआधी वेग उतरवा, वळणात नाही. वळणावर ट्रक समोरून येत असेल तर त्याची मागची चाकं आतून जातात हे लक्षात ठेवून त्याला पूर्ण रस्ता द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये या, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. वेगात वळताना हँडल फिरवायचं नसतं. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे दाबा, गाडी उजवीकडे कलते. हे उलटं वाटतं, पण तरुणपणी तुम्ही नकळत तेच करत होता. आता कळून करा. दर तासाला उतरा, पाणी प्या, चार पावलं चाला. मित्र पुढे गेले तर जाऊ द्या. तुमच्यामागे गाड्यांची रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला थांबा आणि त्यांना सोडा. पुढे रिकामा रस्ता मिळतो, त्यासारखं सुख नाही.

प्रश्न: माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, आम्ही डिचोलीचे. त्यांना मधुमेह आहे. आता त्यांनी मोटरसायकल शिकायचं मनावर घेतलंय. आई रडते. मी किल्ली लपवून ठेवली आहे. बरोबर केलं ना?

बाय, किल्ली परत दे. लपवलेली किल्ली त्यांना सापडेल किंवा ते शेजाऱ्याची गाडी घेतील, आणि मग कुणी शिकवणारा जवळ नसेल. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी सरळ विचार. एक, त्यांच्या औषधाने साखर अचानक खाली जाऊ शकते का? इन्सुलिन आणि काही गोळ्यांनी ती जाते, आणि साखर उतरलेल्या माणसाला गरगरतं, गोंधळायला होतं. तशी शक्यता असेल तर उपाशीपोटी गाडी नाही, निघण्यापूर्वी साखर बघायची, खिशात ग्लुकोज ठेवायचं. दोन, पायांची संवेदना. मधुमेहात कित्येकांचे तळवे बधिर होतात. ज्याला ब्रेकचं पेडल बुटातून कळत नाही त्याने मोटरसायकल चालवू नये. इथे मी कुणाचंही मन राखत नाही. तीन, डोळ्यांचा पडदा तपासला आहे का.

घरी एक परीक्षा तूही घे. बाबांना खुर्चीत बसव, खांदे न हलवता मान किती वळते ते बघ. मागून येणारी गाडी बघायला मान वळावीच लागते, आरशात सगळं दिसत नाही. मग एका पायावर उभं राहायला सांग, हाताशी भिंत ठेवून.

हे सगळं ठीक निघालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर त्यांना हलक्या गाडीवर, दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर शिकू दे. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर ती गोष्ट तू नको, डॉक्टरांनाच त्यांना सांगू दे. मुलीने अडवलं असं वाटलं तर बाप दुखावतो. आणि आईला माझा निरोप सांग, की या वयात नवं काही शिकावंसं वाटणारा माणूस घरात आहे ही चांगली गोष्ट आहे. रडू नका म्हणावं, त्यांच्याबरोबर मैदानावर या.

प्रश्न: यंदाच एप्रिलमध्ये परवाना मिळाला. वय ५६, कुडचडे. पावसात चालवू की चवथीपर्यंत थांबू?

पहिल्या पावसाळ्यात थांबता आलं तर थांबा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात राहतो आपण, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. थांबता येत नसेल तर निदान पहिल्या सरींच्या दिवशी गाडी काढू नका. रस्त्यावर साचलेलं तेल आणि लाल माती तेव्हा वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. पुढे रस्ता धुतला गेला की पकड बरी मिळते. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक नको आणि कलणं नको. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. तुमच्या भागात खनिजाचे ट्रक चालू असतील तर रस्त्यावर सांडलेला लाल चिखल सुकल्यावरही सांभाळा, वळणावर तो बारीक वाळूसारखा सरकतो. पाण्याने भरलेल्या डबक्याची खोली दिसत नाही, म्हणून पुढच्या गाडीची चाकं कुठून जातात ते बघत त्याच वाटेने जा. चष्मा असेल तर हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दोन्हींवर वाफ धरते. मागे बसणाऱ्याच्या हातात छत्री अजिबात नको. वाऱ्याचा एक झोत पुरे होतो.

प्रश्न: आमचे हे साठाव्या वर्षी मोटरसायकल शिकले. छान चालवतात. आता मला मागे बसा म्हणतात. मी आजवर एका बाजूला पाय टाकून बसत आले. कसं बसावं? - एक वाचक, माशेल

वहिनी, हे मात्र माझ्या धंद्यातलं विचारलंत. दोन्हीकडे पाय टाकून बसा. एका बाजूला बसलं की गाडीचा तोल कायम तिकडे ओढला जातो, आणि नव्या चालकाला तो हळू वेगात सावरणं कठीण जातं. साडी असेल तर तो दिवस सोडा, सलवार घाला. हेल्मेट तुम्हालाही हवं, कायद्यानेही आणि डोक्यासाठीही.

हात त्यांच्या कमरेला किंवा मागच्या दांड्याला, खांद्यांना नाही. खांदे धरले की त्यांचं हँडल हलतं. वळणावर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या त्यांच्या खांद्यावरून पुढे बघा, तेवढ्याने तुमचं अंग बरोबर कलतं. मुद्दाम झुकू नका आणि घाबरून उलट्या बाजूला तर मुळीच नको. ते ब्रेक दाबतील तेव्हा गुडघ्यांनी सीट धरा, म्हणजे तुमचं वजन त्यांच्या पाठीवर जाणार नाही. गाडी थांबली तरी पाय फूटरेस्टवरच. मागच्या माणसाने मदत म्हणून पाय टेकवला की गाडी कुठे कलेल हे चालकाला कळेनासं होतं. आणि त्यांनाही सांगा, मागे माणूस असलं की थांबायला जास्त अंतर लागतं आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त हवी. किती, ते गाडीच्या साखळीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं.

चढण्यापूर्वी ‘बसू?’ असं विचारा. त्यांनी दोन्ही पाय टेकवून ब्रेक धरला आणि ‘हं’ म्हटलं, की मगच डाव्या बाजूने चढा. उतरतानाही तसंच, आधी सांगून. पहिल्यांदा बाजारात नको, बाणस्तारीच्या पुलापर्यंत जाऊन या, आणि परत आल्यावर तुम्हाला कुठे अवघड वाटलं ते त्यांना लगेच सांगा.